संपर्क फॉर्मची मेल: पाकीट आपलं, चिठ्ठी पाहुण्याची

मे महिन्यात तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांचा फोन आला. "दादा, यंदा साइटवरून एकपण चौकशी आली नाही बघा. फॉर्म बंद पडलाय काय?" मी बसल्या जागी फॉर्म भरून पाहिला, 'धन्यवाद' असं उत्तर आलं. म्हणजे फॉर्म चालू होता. मग त्यांना जीमेलचा स्पॅम फोल्डर उघडायला सांगितलं. चौकशा तिथे पडल्या होत्या, पण फक्त गेल्या महिन्याभरातल्या. स्पॅममधली मेल जीमेल ३० दिवसांनी आपोआप काढून टाकतं. फेब्रुवारी-मार्चच्या ऐन हंगामातल्या चौकशा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तो फॉर्म मीच लिहिला होता. तेव्हापासून सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या टेबलावर जी नवी मुलं काम शिकायला येतात, त्यांना मी सगळ्यात आधी संपर्क फॉर्म लिहायला देतो आणि त्यावर आठवडा घालवतो. नाव, फोन, मजकूर असे तीन रकाने दिसतात, म्हणून तो सोपा वाटतो. पण वेबसाइटवर अनोळखी माणसाने लिहिलेलं काही थेट तुमच्या सर्व्हरच्या हाती पडतं, ती हीच जागा. इथे पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा धरून सांगतो, कारण लहान धंद्यांच्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइट मिळून वापरतात त्या भाड्याच्या सर्व्हरवर) तीच तयार मिळते. नोड किंवा पायथन वापरत असाल तरी विचार तोच राहतो.

पाकिटावर कोणी लिहायचं

मेलचे दोन भाग असतात. वर हेडर: कोणाकडून, कोणाला, विषय, उत्तर कुठे द्यायचं. मग एक कोरी ओळ आणि खाली मजकूर. ही मांडणी १९८२ सालच्या प्रमाणकात ठरली आणि आजही तीच चालते. हेडर म्हणजे पाकीट, मजकूर म्हणजे आतली चिठ्ठी. संपर्क फॉर्म लिहिताना एकच नियम पक्का धरा: पाकिटावर आपण लिहायचं, पाहुण्याने फक्त चिठ्ठी लिहायची.

हेडरमधली प्रत्येक गोष्ट स्वतंत्र ओळीवर असते, आणि ओळ कुठे संपली हे कॅरेज रिटर्न व लाइन फीड या दोन न दिसणाऱ्या खुणांवरून कळतं. समजा तुम्ही पाहुण्याचा ईमेल पत्ता जसाच्या तसा 'फ्रॉम' हेडरला जोडला. कोणी त्या रकान्यात पत्ता लिहिला, पुढे नवी ओळ घातली आणि त्या ओळीवर 'बीसीसी' (इतरांना न दिसणारी प्रत) लिहून पन्नास पत्ते दिले. मेल सर्व्हरला ते सगळं तुम्हीच लिहिलेलं पाकीट वाटतं. तुमच्या गिऱ्हाइकाच्या डोमेनवरून पन्नास जणांना भलतीच जाहिरात जाते, आणि पुढे त्या डोमेनची खरी बिलंसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागतात. याला हेडर इंजेक्शन म्हणतात.

"पण सर, एका ओळीच्या रकान्यात एंटर दाबताच येत नाही," असं प्रत्येक नवा मुलगा म्हणतो. ब्राउझरमध्ये येत नाही, हे खरं. हल्ला करणारा ब्राउझर वापरतच नाही. तो कर्लसारख्या, ब्राउझरशिवाय विनंती पाठवणाऱ्या साधनाने तुमच्या स्क्रिप्टला थेट माहिती पाठवतो. म्हणून एचटीएमएलमधलं 'रिक्वायर्ड' असो, अक्षरांची मर्यादा असो की जावास्क्रिप्टची तपासणी, ती सगळी पाहुण्याच्या सोयीसाठी आहे. राखण सर्व्हरवरच करावी लागते.

पीएचपीच्या मेल फंक्शनबद्दल एक अर्धवट माहिती सगळीकडे फिरते. प्राप्तकर्ता आणि विषय या दोन जागांतली नवी ओळ पीएचपी स्वतःच काढून टाकतं. पण फंक्शनला चौथ्या जागी जे जादा हेडर दिले जातात, त्यांना हे संरक्षण नाही, आणि 'फ्रॉम' नेमका तिथेच लिहिला जातो.

पाकीट दुसऱ्याच्या हाती दिल्याचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणजे १९९५ सालची फॉर्ममेल ही पर्ल भाषेतली स्क्रिप्ट. ती जगभर वापरली गेली. मेल कोणाला पाठवायची तो पत्ता फॉर्ममधल्याच एका लपलेल्या रकान्यात असे. रकाना दिसत नसला तरी बदलता येतो, त्यामुळे स्पॅम पाठवणाऱ्यांना हजारो सर्व्हर फुकटात मिळाले. आजही मला असे फॉर्म सापडतात. मेल कुठे जायची तो पत्ता सर्व्हरवरच्या स्क्रिप्टमध्ये किंवा सेटिंगमध्येच असू द्या. 'हळद विभाग', 'बेदाणा विभाग' अशी निवड द्यायची असेल तर फॉर्ममधून फक्त १ किंवा २ हा आकडा येऊ दे, आणि आकड्यावरून पत्ता स्क्रिप्टने शोधावा.

रकाने ठरवा, मग तपासा

नाव, मोबाइल, ईमेल आणि मजकूर पुरतात. त्यातही ईमेल सक्तीचा करू नका. आपल्याकडे मिरज, कवठेमहांकाळ, जत भागातला शेतकरी मोबाइल नंबर देतो आणि फोनची वाट बघतो. ईमेल सक्तीचा केला की तो खोटा पत्ता तरी लिहितो, नाहीतर फॉर्म सोडून जातो. मोबाइल किंवा ईमेल यांपैकी एक हवा, एवढंच मागा.

स्क्रिप्टमध्ये पहिली तपासणी ही, की विनंती पोस्ट पद्धतीने (म्हणजे फॉर्म पाठवल्यावर येते तशी) आली आहे का. नसेल तर तिथेच थांबायचं. मग प्रत्येक रकाना आहे का आणि ती साधी अक्षरमालाच आहे का ते बघायचं, कारण रकान्याच्या नावापुढे चौकोनी कंस लावून कोणीही तुम्हाला यादी पाठवू शकतो आणि स्क्रिप्ट अडखळते. पुढेमागे आलेल्या मोकळ्या जागा छाटून टाका.

ईमेलसाठी स्वतः पॅटर्न लिहीत बसू नका. पीएचपीचं फिल्टर-व्हार फंक्शन 'व्हॅलिडेट ईमेल' हा फिल्टर देऊन वापरा. नवी ओळ असलेला पत्ता ते नाकारतं. पण हा पत्ता खरोखर कोणाचा आहे, हे त्याला कळत नाही. आणि त्यातून पास झालेला पत्ता कुठेही बिनधास्त वापरता येतो, असंही नाही. याचं उदाहरण पुढे येईल.

मोबाइल नंबरमधून मोकळ्या जागा, आडव्या रेघा, सुरुवातीचं अधिक एक्क्याण्णव किंवा शून्य काढून टाका. उरलेले दहा आकडे ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात का ते बघा. त्याआधी एक काम करायचं असतं, जे इंग्रजीत शिकवणारे सांगत नाहीत: मराठी कीबोर्डवरून लोक देवनागरी आकडे टाइप करतात. पीएचपीच्या साध्या पॅटर्नला '९' हा आकडा वाटत नाही. आधी ० ते ९ हे देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदला, मग तपासा. एवढ्यासाठी एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला 'चुकीचा नंबर' असं सुनावणं बरं नाही.

नावाच्या रकान्यावर मी थोडा जास्त वेळ थांबतो. नेटवरून उचललेला पॅटर्न बहुधा ए ते झेड एवढंच मान्य करतो, म्हणजे मराठीत नाव लिहिणारा प्रत्येक माणूस बाहेर. मग कोणीतरी युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकाचा) 'अक्षर' हा गट घालतो, तरीही चालत नाही. काना, मात्रा, अनुस्वार, पायमोड ही युनिकोडच्या हिशेबाने अक्षरं नसून 'चिन्हं' आहेत, त्यांचा गट वेगळा. 'सांगली' या शब्दातले फक्त स, ग आणि ल त्या तपासणीत पास होतात. काही जोडाक्षरांत न दिसणारा 'जोडणारा' कॅरेक्टरही असतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नावात काय असावं हे ठरवू नका, काय नसावं ते ठरवा. नवी ओळ, टॅब आणि इतर कंट्रोल कॅरेक्टर असतील तर फॉर्म नाकारा. बाकी ज्याचं नाव तो जसं लिहील तसं.

लांबी मोजतानाही हीच अडचण येते. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर ३ बाइट घेतं. 'सांगली' ही ६ कॅरेक्टर आहेत, पण स्ट्रलेन फंक्शन बाइट मोजून १८ सांगतं. नावाला ५० ची मर्यादा स्ट्रलेनने लावलीत तर लांबलचक मराठी नावं अडकतील. कॅरेक्टर मोजणारं एमबी-स्ट्रलेन वापरा. मर्यादा मात्र हवीच: नावाला १००, मजकुराला २०००. मजकूर यूटीएफ-८ मध्येच आला आहे ना, हेही एमबी-चेक-एन्कोडिंगने बघून घ्या.

आधी नोंद, मग मेल

मार्केट यार्डाच्या गेटवर आवकेची नोंद होते. सौदा लागला नाही तरी माल आल्याची नोंद राहते. फॉर्मचंही तसंच करा. तपासणी झाली की चौकशी आधी डेटाबेसमध्ये लिहा, त्यानंतरच मेल पाठवायचा प्रयत्न करा. मेल स्पॅममध्ये गेली, पासवर्ड बदलला, सर्व्हर झोपला, तरी चौकशी हातची जात नाही. त्या बेदाणा व्यापाऱ्यांच्या साइटवर एवढंच केलेलं असतं तर त्यांचा हंगाम वाचला असता.

लहान साइटला एसक्यूलाइट हा एका फाइलमधला डेटाबेस पुरतो. त्याची फाइल पब्लिक एचटीएमएल फोल्डरच्या (ज्यातलं सगळं नेटवरून दिसतं त्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा, नाहीतर पत्ता ओळखून कोणीही ती उतरवून घेईल. नोंद करताना पीडीओचं (पीएचपीच्या डेटाबेस जोडणीचं) प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे पाहुण्याने लिहिलेलं काही एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली, आज्ञा म्हणून चालणार नाही. नोंदीत वेळ ठेवा आणि 'मेल गेली' असा एक रकाना ठेवा, सुरुवातीला शून्य.

ही लोकांची नावं आणि नंबर आहेत, याचं भान ठेवा. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली आपल्याकडे कायदा झाला आहे. कामापुरतीच माहिती घ्या, माहिती कशासाठी घेतोय ते फॉर्मखाली एका ओळीत सांगा, आणि जुन्या नोंदी काढून टाकायची मुदत मालकांशी बोलून ठरवा. मी सहा महिने धरतो.

मालक हमखास म्हणतात, "सगळं एक्सेलमध्ये द्या." द्या, पण काळजी घेऊन. सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या) फाइलमधला एखादा रकाना बरोबर, अधिक, वजा किंवा ॲट या चिन्हाने सुरू झाला तर एक्सेल त्याला सूत्र समजतं, आणि ते सूत्र अनोळखी माणसाने लिहिलेलं असतं. अशा रकान्याच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह घालून मगच फाइल बनवा.

मेल पाठवण्याची रीत

मेल फंक्शन वापरू नका, असंच मी सांगतो. ते पत्र सर्व्हरवरच्या मेल प्रोग्रॅमच्या हाती देतं आणि मोकळं होतं. त्याने 'ट्रू' असं उत्तर दिलं म्हणजे पत्र स्वीकारलं, पोहोचलं असं नव्हे. त्याऐवजी कंपोझर या साधनाने पीएचपीमेलर ही मेल पाठवायची लायब्ररी बसवा आणि खऱ्या मेलबॉक्सने लॉगिन करून एसएमटीपीवरून (मेल सर्व्हरशी थेट बोलण्याच्या पद्धतीने) पाठवा.

पाकीट असं भरायचं. 'फ्रॉम' मध्ये गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता. 'टू' मध्ये मालकांचा पत्ता. पाहुण्याने ईमेल दिला असेल आणि तो तपासणीत पास झाला असेल, तर तो फक्त 'रिप्लाय-टू' मध्ये, पीएचपीमेलरच्या ॲड-रिप्लाय-टू या मेथडनेच. पाकिटावर पाहुण्याला एवढीच जागा, तीही तपासून. मालकांनी 'रिप्लाय' दाबलं की उत्तर बरोबर पाहुण्याकडे जातं. विषय ठरलेला ठेवा: 'वेबसाइटवरून चौकशी' आणि पुढे नोंदीचा क्रमांक. पाहुण्याचं नाव विषयात घालायचा मोह टाळा, ते चिठ्ठीत येऊ दे.

मी केलेली चूक हीच होती. 'फ्रॉम' मध्ये मी पाहुण्याचा जीमेल पत्ता घालत होतो. जीमेलचं पत्र जीमेलच्या सर्व्हरवरून न येता कुठल्यातरी होस्टिंगवरून आलं की समोरच्या सर्व्हरला ते तोतया वाटतं, आणि त्याचं बरोबरच असतं.

जोडणी कुलूपबंद (टीएलएस) हवी: पोर्ट ५८७ आणि स्टार्ट-टीएलएस, किंवा पोर्ट ४६५ आणि सुरुवातीपासून टीएलएस. जोडणी होत नसेल तर 'प्रमाणपत्राची तपासणी बंद करा' असा सल्ला नेटवर पावलोपावली सापडेल. तो घेऊ नका. त्याने जोडणी होते, पण पलीकडे खरंच तुमचाच मेल सर्व्हर आहे की नाही हे कळायचा मार्ग बंद होतो, आणि पासवर्ड भलत्याच्या हाती जाऊ शकतो. बहुतेक वेळा सर्व्हरचं नाव चुकीचं लिहिलेलं असतं. होस्टिंगच्या पॅनलमध्ये दिलेलं नेमकं नाव घाला.

कॅरेक्टर-सेट यूटीएफ-८ करायला विसरू नका. पीएचपीमेलर मुळात आयएसओ-८८५९-१ धरून चालतं आणि मराठी मजकुराचा कचरा होतो. सेटिंग बदललं की देवनागरी विषयसुद्धा ते नीट एन्कोड करून पाठवतं. मेल साध्या मजकुराची ठेवा, एचटीएमएलची नको. एचटीएमएल हवीच असेल तर पाहुण्याने लिहिलेली प्रत्येक गोष्ट एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स फंक्शनमधून काढा, नाहीतर मालकांच्या मेलमध्ये कोणी खोट्या लिंकचं बटण लावून देईल.

आता ते मघाचं उदाहरण, तपासणीत पास झालेला पत्ताही कसा घातक ठरतो त्याचं. डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपीमेलरमध्येच मोठं भगदाड सापडलं. पाठवणाऱ्याचा पत्ता मेल फंक्शनच्या पाचव्या जागेतून सर्व्हरवरच्या सेंडमेल प्रोग्रॅमपर्यंत जात होता, आणि अवतरणचिन्हं घालून रचलेला, नियमाने 'वैध' ठरणारा पत्ता देऊन सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. ५.२.१८ आणि लगेच ५.२.२० या आवृत्त्यांत ते बुजवलं गेलं. यातून दोन कामं निघतात. पाहुण्याचा पत्ता 'पाठवणारा' म्हणून कधीच वापरायचा नाही. आणि लायब्ररी एकदा बसवून विसरायची नाही; दर दोन-तीन महिन्यांनी कंपोझरने अद्ययावत करायची.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर वेगळी सेटिंग फाइल करा, ती वाचायचा हक्क फक्त तुमच्या खात्याला द्या, आणि गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवणाऱ्या साधनात) ती जाणार नाही असं बघा. जीमेलवरून पाठवणार असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. पीएचपीमेलरचं डीबग (आतला तपशील पानावर दाखवणारं सेटिंग) चालू साइटवर शून्य ठेवा. मेल गेली नाही तर तपशील लॉगमध्ये जाऊ दे. पाहुण्याला 'तुमची चौकशी नोंदली आहे' एवढंच सांगा. नोंद आधीच झालेली असल्यामुळे ते खरंही असतं. शेवटी ३०३ हा 'दुसऱ्या पानावर जा' सांगणारा संकेत देऊन 'धन्यवाद' पानावर पाठवा, म्हणजे पान रिफ्रेश केलं तरी तीच चौकशी दोनदा जाणार नाही.

डोमेनची ओळख

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. त्यांच्याकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनला निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं, आणि मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना दोन्हींसह डीमार्कही. लहान साइटलासुद्धा मी तिन्ही लावतो. एसपीएफ म्हणजे कोणत्या सर्व्हरना या डोमेनच्या नावाने पाठवायची मुभा आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची डिजिटल सही. या दोन्हींत न बसणाऱ्या पत्राचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. दोन झाल्या की दोन्ही फुकट जातात. डीमार्क सुरुवातीला 'नन' वर (पत्र अडवू नका) ठेवा, अहवाल बघा, मग घट्ट करा.

बॉट अडवा, माणूस नको

एक जादा रकाना करा, सीएसएसने लपवा, टॅबने तिथे जाता येऊ नये आणि ब्राउझरने आपोआप भरू नये अशी सोय करा. माणूस तो रिकामा सोडतो, बॉट भरतो. भरलेला आला तर 'धन्यवाद' दाखवा आणि मेल पाठवू नका. फॉर्म उघडल्याची वेळ सेशनमध्ये (त्या भेटीपुरत्या सर्व्हरवरच्या नोंदीत) ठेवून तीन सेकंदांच्या आत आलेला फॉर्मही असाच बाजूला टाका. बहुतेक त्रास एवढ्यानेच थांबतो. चित्रांतली सिग्नल आणि सायकली ओळखायला लावणारा कॅप्चा मी अगदी शेवटी आणतो, कारण उन्हात मोबाइल धरून उभ्या असलेल्या माणसाला तो नको होतो.

आयपी पत्त्यावर मर्यादा लावताना हात सैल ठेवा. मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपीमागे असंख्य गिऱ्हाइकं असतात; 'तासाला एकच फॉर्म' असा नियम केलात तर दुसऱ्या गावचा खरा माणूस अडेल. त्यापेक्षा पूर्ण साइटची मर्यादा उपयोगी पडते: दिवसाला ५० मेल. त्यापुढच्या चौकशा फक्त नोंदवायच्या.

'तुमच्या चौकशीची प्रत तुम्हाला पाठवली आहे' अशी आपोआप मेल मात्र पाठवू नका. रकान्यात लिहिलेला पत्ता पाहुण्याचाच आहे, याला पुरावा काय? कोणीही दुसऱ्याचा पत्ता आणि हवा तो मजकूर भरून, तुमच्या गिऱ्हाइकाच्या नावाने त्याला पत्र पाठवू शकतो. हेडर इंजेक्शन बंद केलं आणि हे दार उघडं ठेवलं तर स्पॅमवाल्यांचं काम भागतंच.

साइट सोपवण्याआधी

नाव मराठीत, आकडे देवनागरीत, ईमेल रिकामा असा एक फॉर्म मोबाइलवरून भरा. मग कर्लने ईमेलच्या रकान्यात नवी ओळ आणि 'बीसीसी' घालून पाठवा. तो नाकारला गेला पाहिजे. एकदा मुद्दाम एसएमटीपीचा पासवर्ड चुकीचा करा आणि चौकशी डेटाबेसमध्ये उतरली का, 'मेल गेली' शून्यच राहिलं का ते बघा. पासवर्ड बरोबर करून आलेली मेल जीमेलमध्ये 'मूळ दाखवा' मधून उघडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

तासगावच्या त्या साइटवर आता दर सोमवारी सकाळी एक लहान स्क्रिप्ट चालते. आठवड्यात किती चौकशा नोंदल्या आणि किती मेल गेल्या, हे दोन आकडे ती मला आणि मालकांना वेगवेगळ्या पत्त्यांवर पाठवते. मालकांच्या मुलाने ते आकडे आणि इनबॉक्समधल्या मेल मोजून जुळवायच्या, असं आमचं ठरलं आहे. सोमवारी दुपारपर्यंत त्याचा 'जुळलं' असा मेसेज आला नाही, की मी फोन करतो.